भालचंद्र-हात

माझा उजवा हात सध्या बारा कारखान्यांत गणपतीचे डोळे काढतोय, आणि मी इथे ओसरीवर बसून डाव्या हाताने चहात बिस्किट बुडवतोय. निम्मं बिस्किट कपात पडतं. लोक भेटायला येतात, पाया पडतात, म्हणतात, "अण्णा, तुम्ही अमर झालात." मी म्हणतो, बसा, पाणी घ्या. खरं काय ते मी एकदा सांगून बसलोय. त्याचा परिणाम एवढाच झाला की माझ्या दवाखान्याच्या फायलीत एका आजाराचं लांबलचक नाव चढलं.

तुम्हाला सांगतो. तुम्ही तरी फाईल लिहीत नाही.

मी भालचंद्र कोठेकर, वय एकाहत्तर, राहणार पेण. आमचा गणपतीचा कारखाना आजोबांपासूनचा. पूर्वी इथे शाडू मळायचा, साच्यात भरायचा, मूर्त्या पाटांवर ओळीने वाळत ठेवायच्या, असं चालायचं. आता साच्यांच्या जागी छपाईयंत्र आलंय. एका बाजूने ओली माती घालायची, तासाभरात दुसऱ्या बाजूने लंबोदर बाहेर. अंगाचा रंग फवाऱ्याने, दागिनेही यंत्रानेच. फक्त सोवळं-पीतांबर अजून हाताने रंगवतो, आणि डोळे. डोळेही यंत्राने काढून बघितले होते, दोन वर्षं. गिऱ्हाईक मूर्ती घरी न्यायचं आणि चौथ्या दिवशी तोंड पाडून परत यायचं. म्हणायचं, "रेखीव आहे हो सगळं, पण देव आमच्याकडे बघतच नाही."

डोळे काढण्याच्या कामाला आम्ही आखणी म्हणतो. भुवई, वरची पापणी, खालची रेघ, बुबुळ आणि शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. आमच्या घरात आखणीचे दोन नियम. पहिला, आखणी पडद्याआड करायची, कारण देव डोळे उघडतो तेव्हा समोर परकं माणूस नसावं. दुसरा, बायकांनी माती मळावी, रंग घोटावेत, सोवळं रंगवावं, पण देवाच्या डोळ्यांना ब्रश लावू नये. हा दुसरा नियम आजोबांचा. का म्हणून विचारलं तर कानाखाली बसायची, म्हणून कुणी विचारलंच नाही. रंग कालवून द्यायला घरची एक बाई तेवढी पडद्यामागे चालायची. माझं लग्न झाल्यावर ती बाई म्हणजे शालन. माझी बायको.

मी शेहेचाळीस वर्षांचा असताना, ऐन आषाढात, माझ्या दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदूने घेरलं. साखर होतीच अंगात. ब्रशाचं टोक दिसेना. चारशे मूर्त्या आखणीला उभ्या, आणि गावात बोभाटा झाला असता तर भालचंद्र संपला म्हणून लोक मोकळे झाले असते. शालनने माझ्या हातातून ब्रश काढून घेतला. म्हणाली, "तुम्ही नुसते बसा. बाहेर आवाज जाईल असं काहीतरी बोलत राहा." मी बडबडत राहिलो, ती डोळे काढत राहिली. वीस वर्षं माझ्या शेजारी बसून रंग कालवताना ती बघत होती, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

त्या वर्षी गिऱ्हाइकं विसर्जनानंतर मुद्दाम सांगायला आली. "भालचंद्रशेठ, यंदा काय डोळे काढलेत हो! माजघरात जा, मोरीत जा, देव आपला बघतोय." एक म्हातारी तर माझे हात धरून रडली.

दिवाळीत माझं ऑपरेशन झालं. मला लख्ख दिसायला लागलं. पुढच्या आषाढात मी ब्रश हातात घेतला, एका मूर्तीचे डोळे काढले, मग मागच्या वर्षीचं ते कौतुक आठवलं. ब्रश मुकाट शालनच्या हातात दिला. का दिला, ते तिनेही विचारलं नाही. बावीस वर्षं पडद्याआड ती आखत होती आणि बाहेर मी मिरवत होतो. मुलगा उदय तेव्हा शिकायला पुण्यात. त्यालाही कधी पत्ता लागला नाही.

तिची एक सवय होती. मनगटात काचेच्या डझनभर बांगड्या. काम करताना त्या खाली ओघळायच्या, ओल्या रंगाला लागायला यायच्या. म्हणून खालची रेघ संपली की ती मनगटाला एक झटका द्यायची. बांगड्या कोपराकडे सरकायच्या, छन्न व्हायचं, आणि मग ती बुबुळाला हात घालायची. मी वैतागायचो. "काढून ठेव की त्या तासभर!"

"नवरा जिवंत असताना? वेडे की काय," म्हणायची.

डॉक्टर नूतन वाघचौरे आमच्याकडे आली ती तीन वर्षांपूर्वी, ज्येष्ठात. गोळ्या-इंजेक्शनवाली डॉक्टर नव्हे, पुण्यात हातांवर संशोधन करणारी. तिशीची पोर, हुशार, आणि माणसांवर विश्वास ठेवणारी. तेच नडलं म्हणायचं.

"काका," तिने मला समजावलं, "हात कितीही स्थिर असला तरी तो सेकंदाला आठ-दहा वेळा कापतच असतो. डोळ्यांना दिसत नाही इतकं बारीक. शिवाय रेघ काढताना तो कुठे वेग घेतो, कुठे दाबतो, कुठे थबकतो, हे प्रत्येकाचं वेगळं. जिन्यात पावलं वाजली की घरात कोण आलं ते कळतं ना, तसं. यंत्राच्या रेघेत यातलं काहीच नाही. म्हणून तुमचं गिऱ्हाईक म्हणतं, देव बघत नाही."

मग तिने पिशवीतून एक बाही काढली. पायमोज्याएवढी पातळ, बोटांपासून खांद्यापर्यंत येणारी, आतून तीनशे बारीक चकत्या. स्नायू आवळला की त्यात किंचित वीज उमटते. चकत्या ती टिपून घेतात. हंगामभर बाही घालून काम केलं की त्या हाताची सगळी चाल नोंदली जाते. पुढे हीच बाही उलटी चालवायची. मग ती स्नायूंना तशीच बारीक वीज देते, आणि हात तीच रेघ काढतो. हात कुणाचाही चालतो, बाही जुळवून घेते. अगदी लुळा पडलेलासुद्धा चालतो, कारण लुळ्या हाताचे स्नायू शाबूत असतात, डोक्याचा हुकूम तेवढा पोचत नाही.

"तुमच्यासारखे कारागीर आता किती राहिलेत?" ती म्हणाली. "तुमचा हात राहायला हवा, काका."

मी छाती फुगवून हो म्हटलं. बाही माझ्या हातावर चढवून तिने आकडे जुळवले. पडद्याच्या नियमालाही तिची हरकत नव्हती, तिला नोंद मिळाली की झालं. मी पडद्याआड गेलो, बाही काढली आणि शालनच्या हातावर चढवली. लगेच बाहेरून आवाज आला, "काका, आकडे एकदम बदलले! बाही सरकली का?"

"घाम आलाय!" मी ओरडलो.

शालन बाहीकडे बघत होती. बाही बांगड्यांखालून सरकवली होती, त्या तशाच वर राहिल्या. मग हळूच, बाहेर जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "अहो, हे जपून ठेवणार आहेत ना? आपण गेल्यावरसुद्धा?"

"हो."

"मग या खेपेला माझं नाव सांगा ना."

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी सांगू. आता भर हंगामात कुठे घोळ."

"बरं," ती म्हणाली, आणि भुवई काढायला घेतली.

बावीस वर्षांत तिने एवढंच मागितलं होतं. पौषात ती गेली. सकाळी छातीत कळ आली, दुपारी सगळं आटोपलं. डॉक्टर नूतनच्या संस्थेच्या वहीत त्या नोंदीचं नाव तोवर चढलं होतं. भालचंद्र-हात.

पुढच्या हंगामात आखणीला मी बसलो, एकटा. तेवीस वर्षांनी. हात आखडला होता, पण मी जीव ओतून काम केलं. गिऱ्हाइकांनी मूर्त्या नेल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "असू दे भालचंद्रशेठ. वहिनी गेल्या, त्याचा धक्का आहे. हात येईल परत." बघा म्हणजे. माझे स्वतःचे डोळे लोकांनी पहिल्यांदा नीट बघितले, आणि त्यांना वाटलं दुःखाने माझा हात बिघडला. मीही तसंच वाटू दिलं. फुकटची सहानुभूती मिळत होती, घेतली.

दिवाळीत मला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. पाय महिन्या-दोन महिन्यांत सावरला, हात मात्र तसाच लोंबकळत राहिला.

उदय कारखाना बघत होताच. त्याने डॉक्टर नूतनला फोन लावला आणि ती दुसऱ्या दिवशी बाही घेऊन हजर. "काका, तुमचाच हात तुम्हाला परत देते," म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पोरीच्या. त्या दिवशी पडदा लावला नाही. सगळ्यांना बघायचं होतं. सुगंधा, आमच्याकडे सोवळी रंगवते ती, हातातलं काम टाकून पुढे आली. समोर फिरत्या पाटावर दीड फुटी मूर्ती. माझ्या मेलेल्या हातावर बाही चढली, बोटांत शून्य नंबरचा ब्रश अडकवला आणि डॉक्टरने बटण दाबलं.

हात उठला. माझा हात, मी न उचलता. ब्रश रंगात बुडाला, वाटीच्या काठावर दोनदा निथळला, आणि भुवई सुरू झाली. लोकांनी श्वास धरला होता. माझ्या अंगावर काटा आला, पण त्यांना वाटलं त्या कारणाने नव्हे. मी बावीस वर्षं ती रेघ शेजारी बसून बघितली होती. आता ती माझ्या आतून चालली होती. ती कुठे घाई करायची, कुठे रेंगाळायची, वरच्या पापणीच्या टोकाला ब्रश उचलताना किती हलकी व्हायची, ते सगळं मला पहिल्यांदा कळलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला एवढं कधी ओळखलं नव्हतं.

खालची रेघ संपली. आणि माझ्या बांगडी नसलेल्या मनगटाने एक झटका दिला.

"हे काय?" सुगंधा म्हणाली.

दुसऱ्या डोळ्यालाही तेच. खालची रेघ, झटका, मग बुबुळ. डॉक्टर लॅपटॉपवरच्या आकड्यांत डोकं घालून बसली. "हा नोंदीतलाच दोष दिसतोय. प्रत्येक डोळ्याला आहे. बाहीची वायर ओढली जात असेल तेव्हा. काळजी करू नका, सोमवारपर्यंत गाळून टाकते."

सगळे टाळ्या वाजवत होते. उदय वाजवत नव्हता. तो माझ्या मनगटाकडे बघत होता.

दुपारी मागच्या पडवीत त्याने मला गाठलं. "अण्णा, तो झटका आईचा आहे."

"कुठल्या आईचा?" मी म्हटलं. मूर्खासारखं.

"मला उगाच बनवू नका. पोळ्या लाटताना, धुणं पिळताना, मी लहान होतो तेव्हा माझे केस विंचरताना ती असाच हात झटकायची. तो आवाज ऐकून मी मोठा झालोय." त्याने माझं मनगट धरलं. "किती वर्षं?"

"बावीस."

तो खालीच बसला, मातीच्या पोत्यावर. मग म्हणाला, "म्हणजे ते सत्कार झाले तेव्हा ती समोर बसून टाळ्या वाजवत होती."

खरंच वाजवत होती. एका सत्कारात तर शालीची घडी तिनेच पिशवीत घातली.

आता तुम्ही म्हणाल, तिथल्या तिथे डॉक्टरला सांगून टाकायचं होतं. सोमवारपर्यंत वेळ होता. तिच्या नावाची नोंद करायला लावायची, तो झटका राहू द्यायचा, बास. एवढंच करायचं होतं. पण मी तुम्हाला एक विचारतो. आमचं काम कसलं? दरवर्षी काढायचं आणि दरवर्षी पाण्यात सोडायचं. माझ्या तरुणपणी मी काढलेले हजारो डोळे खाडीच्या गाळात विरघळलेत. जपून ठेवायला एक मूर्ती नाही. जगात भालचंद्र कोठेकर म्हणून जे काही शिल्लक होतं ते त्या नोंदीत होतं, आणि तिथे मी नव्हतोच. ते नाव सोडलं तर मी कोण? मधुमेह झालेला, तोंडाळ, एका हाताचा म्हातारा. मला भीती वाटली. साधी, स्वच्छ भीती. सोमवार आला आणि गेला. झटका गाळला गेला.

मला वाटलं होतं, झटका गेला की डोळे मरतील. नाही मेले. तेवढेच सुंदर होते. ती आता कुठेच दिसत नव्हती, एवढंच.

मग मी एक खुळ्यासारखी गोष्ट केली. सकाळी चहा झाला की एक लहान कच्ची मूर्ती घेऊन मागच्या पडवीत बसायला लागलो, आणि डाव्या हाताने डोळे काढायला लागलो. बाही नाही, काही नाही. पहिले पंधरा दिवस नुसते फराटे. पुसायचे, परत काढायचे. चिडून दोन मूर्त्या भिंतीवर फोडल्या. महिन्याने रेघ जरा धरायला लागली. दोन महिन्यांनी एक जोडी जमली, आणि मी ती बघत बसलो.

शालनचे डोळे सरळ माणसाकडे बघायचे. हे डोळे जरा खाली बघत होते. संकोच करणारे, पापणी जड. आयुष्यभर मी आरडाओरडा करून कारखाना चालवला, कामगार मला बघून उभे राहायचे. आणि आत हा असला माणूस बसला होता, कुणाच्या नजरेला नजर न देणारा. शेहेचाळिसाव्या वर्षी ब्रश सोडला नसता तर याची-माझी ओळख तेव्हाच झाली असती. कुणाला आवडले नसते हे डोळे. नसते आवडले तर नसते. माझे होते. एकाहत्तराव्या वर्षी मला माझी रेघ सापडली, आणि मला इतका आनंद झाला की मी तिथेच, मातीच्या पोत्यांत, रडलो. शालनचं देणं द्यायला आता माझ्याकडे निदान मी होतो. मी ठरवलं, सांगायचं.

तोवर डॉक्टर नूतनच्या कानावर माझा डावा हात गेलाच होता. ती हरखून गेली. "काका, हे तर मला हवंच होतं! सही उजव्या हाताने करा, डाव्याने करा, पायाच्या अंगठ्यात खडू धरून करा, वळण तेच राहतं. कारण वळण हातात नसतंच, डोक्यात असतं. तुमच्या डाव्या हाताची रेघ भालचंद्र-हाताशी जुळवून दाखवली की माझा सिद्धांत पक्का!"

उदय मला गाडीत घालून पुण्याला घेऊन गेला. तिच्या प्रयोगशाळेत मी डाव्या हातावर बाही घालून पाच जोड्या काढल्या. यंत्र थोडा वेळ घुमलं. डॉक्टरने आकडा बघितला, परत बघितला. "अकरा टक्के," ती म्हणाली. "अशी जुळणी दोन परक्या माणसांची येते."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "दोन माणसंच आहेत ती."

आणि सगळं सांगितलं. मोतीबिंदू, पडदा, घाम आलाय म्हणून ओरडलो ते, बांगड्या, झटका. काही राखलं नाही. तिचं नाव शालन भालचंद्र कोठेकर, ते तुमच्या वहीत लिहा, आणि तो झटका परत घाला, म्हणून हात जोडायला गेलो, पण एकाच हाताला ते जमत नाही.

डॉक्टर शांतपणे ऐकत होती. मग तिने माझा उजवा हात आपल्या हातात घेतला. "काका, हा हात तुम्हाला कुणाचा वाटतो?"

"त्यातली चाल बायकोची आहे."

ती मान हलवत उदयकडे वळली. हळू आवाजात, पण मला ऐकू जाईल इतपत. "पक्षाघातानंतर काही रुग्णांना लुळा हात आपला वाटत नाही. दुसऱ्या कुणाचा वाटतो. बऱ्याचदा नवऱ्याचा किंवा बायकोचा. आणि त्याभोवती ते एक गोष्ट रचतात, अगदी बारीकसारीक तपशिलांसकट. खोटं बोलत नसतात ते, त्यांना मनापासून तसंच वाटतं. आणि ही डावी रेघ म्हणजे आजारानं मेंदूत काय बदल केलाय त्याचा पुरावा आहे. खरे काका आपल्याकडे सुरक्षित आहेत, नोंदीत."

"अगं बये, मी इथे बसलोय!" मी ओरडलो. "खरा मी हा! ते खोटं आहे!"

ती माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मी उदयकडे बघितलं. त्याला माहीत होतं. त्याने तोंड उघडायचा अवकाश, सगळं फिरलं असतं.

"अण्णा," तो म्हणाला, "दमलात तुम्ही. चला घरी."

परतीच्या रस्त्यावर खोपोली आली. मग मीच विचारलं, "का रे?"

त्याने गाडी कडेला घेतली. "तिला काय सांगितलं होतंत तुम्ही? पुढच्या वर्षी. मग मलाही पुढच्या वर्षी विचारा." इंजिन बंद करत म्हणाला, "बारा कारखान्यांनी तो हात घेतलाय, तुमच्या नावावर. ती होती तेव्हा बोलला असतात तर मी गावभर पेढे वाटले असते. आता तुम्हाला मन हलकं करायचंय, म्हणून मी सगळं उलथंपालथं करू?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचं तोंड शालनच्या वळणाचं आहे, त्या दिवशी मला ते जास्तच जाणवलं.

डॉक्टरने माझ्यावर लेख लिहिला म्हणे. रुग्ण, पुरुष, वय एकाहत्तर.

महिन्याभराने माझ्या हाताची त्वचा बाहीने सोलवटायला लागली, तेव्हा उदयने बाही सुगंधाला दिली. आजोबांच्या नियमाचं काय, असं मी खवचटपणे विचारलं. "नियम कुठे मोडतोय, अण्णा?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "हात तिचा नाहीच. हात तुमचा आहे."

सुगंधा चाळिशीची. भरल्या घरची बाई, दोन्ही मनगटांत हिरव्यागार बांगड्या. पहिल्या दिवशी ती पडद्यामागे बसली. बाही चालू झाली. मी माझी खुर्ची पडद्याबाहेर ओढून घेतली होती. आतून भुवई झाली असेल, पापणी झाली असेल, असं मनात मोजत होतो. मग एकदम ती चरफडली.

"काय झालं गं?"

"काही नाही अण्णा, बांगड्या रंगाला लागल्या. डोळा फिसकटला."

तिने पुसलं, परत सुरू केलं. परत तेच. तिसऱ्यांदा ती पडदा सारून बाहेर आली आणि हसत म्हणाली, "तुमचा हात पुरुषाचा ना अण्णा. त्याला काय माहीत बांगड्या कशा सांभाळायच्या! खालच्या रेघेला हमखास घोळ होतो. जरा थांबून मागे करायला हव्यात, पण तो थांबतच नाही मेला."

"थांबायचा," मी म्हटलं. "आधी थांबायचा. सुगंधा, ऐक. तो हात बाईचा आहे. शालनचा. तुझ्या वहिनींचा. बांगड्या काढू नकोस."

मग तिच्या चेहऱ्यावर ती दया आली, मला आता पाठ झालेली. उदयने सगळ्यांना सांगून ठेवलंय, अण्णा असं बोलले की हो म्हणायचं.

"हो अण्णा," ती म्हणाली. "वहिनींचाच."

आणि तिने बाही उतरवून कोपऱ्यातला साबण घेतला, मनगट ओलं केलं, आणि एकेक करून सगळ्या बांगड्या काढून माझ्या मांडीवर ठेवल्या. "धरा जरा. हंगाम संपेपर्यंत तुमच्याकडेच असू दे." मोकळ्या हाताने ती आत गेली, बाही चढवून पडदा ओढला, आणि तिने एका दमात दोन्ही डोळे काढले. उत्तम जमले, असं सगळे म्हणाले.